शपथेतले दूध आणि डब्यातले तूप

गांधीजींचे चरित्र आपण शाळेत शिकतो ते सत्याग्रहांच्या क्रमाने. चंपारण, खेडा, दांडी, चले जाव. मोठ्या माणसाचे आयुष्य असे मोठ्या प्रसंगांच्या खुंट्यांना टांगून ठेवले की परीक्षेपुरते लक्षात राहते. मला मात्र हा माणूस अलीकडे वेगळ्याच वाटेने भेटत आला आहे. ती वाट स्वयंपाकघरातून जाते. दुधाची पिशवी, तुपाचा डबा, पनीरचे पाकीट हातात घेतले की त्यावर काय छापले आहे ते वाचायची मला सवय आहे. घरचे त्यावरून चेष्टाही करतात. वाचताना एक प्रश्न नेहमी पडतो. या शब्दांचा अर्थ ठरवायचा कोणी? ज्याने ते छापले त्याने, की ज्याने विश्वासाने विकत घेतले त्याने? या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर मला गांधीजींच्या खाण्यापिण्याच्या हकिगतीत सापडले. म्हणून आज त्यांचे आयुष्य त्यांच्या ताटापासून सांगायचे ठरवले आहे.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेला मोहनदास वैष्णव घरातला. आई पुतळीबाई व्रतवैकल्यांत रमणारी, वडील दिवाण. राजकोटच्या शाळेत असताना एका मित्राने त्याच्या मनात भरवून दिले की इंग्रज मांस खातात म्हणून बलवान आहेत आणि आपल्यावर राज्य करतात. मोहनदासने नदीकाठी गुपचूप बोकडाचे मांस खाल्ले. त्या रात्री त्याला झोप लागेना. पोटात जिवंत शेळी ओरडते आहे असे वाटून तो दचकून जागा होई. पुढे हळूहळू त्याची चव लागली. सुमारे वर्षभर, पाच-सहा वेळा हा प्रकार चालला. तो थांबला त्याचे कारण मात्र वेगळे होते. बाहेर खाऊन आल्यावर आई जेवायला हाक मारी आणि भूक नाही, पोट बिघडले आहे असे काहीतरी सांगावे लागे. हे खोटे बोलणे त्याला सोसेना. मांसाहार हवाच असेल तर मोठेपणी उघडपणे करू, आईवडील आहेत तोवर नाही, असे ठरवून त्याने तो सोडला. अन्न आणि खरेपणा यांची गाठ त्याच्या आयुष्यात अशी शाळकरी वयातच पडली.

१८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघताना आईच्या समाधानासाठी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्याच्याकडून तीन शपथा घेतल्या. मद्य, परस्त्री आणि मांस यांना स्पर्श करायचा नाही. लंडनमध्ये या शपथेने त्याला उपाशी ठेवले. उकडलेल्या मिळमिळीत भाज्या आणि पाव यांवर दिवस काढताना एकदा फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले. तिथे हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरचे पुस्तकही विकत मिळाले. ते वाचल्यावर आईच्या शब्दाखातर पाळलेला नेम त्याचा स्वतःचा झाला.

याच काळात अंड्यांचा पेच उभा राहिला. लंडनच्या शाकाहारी मंडळींत मांस या शब्दाचे तीन अर्थ चालत. काहींच्या मते मांस म्हणजे फक्त पशुपक्ष्यांचे. मासे आणि अंडी चालतील. काहींच्या मते सर्व जिवंत प्राण्यांचे. मासे वर्ज्य, अंडी चालतील. तिसऱ्यांच्या मते अंडी आणि दूधसुद्धा त्यातच. पहिला अर्थ धरला असता तर तरुण मोहनदासची सगळी गैरसोय मिटली असती. एका आहारसुधारकाच्या सांगण्यावरून त्याने काही दिवस अंडी खाल्लीही. पण तो प्रयोग पंधरवडाभरसुद्धा टिकला नाही. शपथ कोणी घेतली होती? आईने. आईच्या मनात मांस या शब्दात अंडी येत होती. मग कोशात काहीही असो, लंडनचे विद्वान काहीही म्हणोत, शपथेचा अर्थ आईचा अर्थ हाच. अंडी सुटली. त्याबरोबर पुडिंगे आणि केकही सुटले, कारण शाकाहारी उपाहारगृहातसुद्धा पुष्कळ पदार्थांत अंडी असत. कोणत्या पदार्थात काय घातले आहे हे वाढणाऱ्याला विचारून घेणे या लाजाळू मुलाला अवघड जाई. पण तो विचारत असे.

पुढे आत्मकथेत गांधीजींनी यातून एक नियम काढून ठेवला. वचन ज्याने घेतले, त्याने त्याचा प्रामाणिकपणे जो अर्थ धरला असेल, तोच देणाऱ्यावर बंधनकारक. आणि दोन अर्थ निघत असतील, तर दुबळ्या बाजूचा अर्थ खरा मानायचा. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा शपथांपुरता वाचला होता. आता वाटते, दुकानातल्या प्रत्येक डब्यावर तो लागू आहे. डब्यावरचे नाव हे विकणाऱ्याने दिलेले वचन असते आणि घेणारा नेहमीच दुबळ्या बाजूला असतो. कारण डब्यात काय आहे हे एकालाच ठाऊक असते.

दक्षिण आफ्रिकेत गांधीजी वकिलीसाठी गेले आणि तिथलेच झाले. टॉल्स्टॉय फार्मवरच्या दिवसांत त्यांच्या हाती कलकत्त्याहून आलेले काही लिखाण पडले. शहरातल्या तबेल्यांत गाईम्हशींचे काय हाल होतात, याचे त्यात वर्णन होते. वासरू जवळ नसेल तर गाय पान्हा सोडत नाही. शहरातल्या महागड्या जागेत वासरू पोसणे गवळ्याला परवडत नसे. ते दूर केले जाई आणि बहुधा मरे. मग गाईला फसवण्यासाठी किंवा दुधाचा शेवटचा थेंब काढण्यासाठी तिच्या जननमार्गात नळीने हवा फुंकली जाई. याला फुका म्हणत. अशी गाय लवकर निकामी होई, भाकड ठरे आणि कसायाकडे जाई. दूध म्हणजे निष्पाप अन्न, असे आपण सगळेच समजतो. ते कसे निघते, हे गांधीजींनी वाचले आणि त्यांचे मन दुधावरून उडाले. दूध विकारांना चेतवते, हा विचार त्यांच्या मनात राजचंद्रांमुळे आधीपासून होताच. १९१२ मध्ये ते आणि त्यांचे मित्र कॅलनबाख यांनी दूध सोडले. पुढे गांधीजींनी त्याची शपथच केली.

या शपथेची परीक्षा भारतात आल्यावर झाली. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना, शेंगदाणे आणि लिंबे यांवर राहत असताना, त्यांना आमांशाने गाठले. माणूस हाडांचा सापळा झाला. वैद्य, डॉक्टर, मित्र सगळे दूध घ्या म्हणून विनवत होते. हवापालट म्हणून ते माथेरानलाही राहून गेले. अखेर मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि स्पष्ट सांगितले, दूध घेतल्याशिवाय अंगात शक्ती येणार नाही. गांधीजींनी शपथेचे कारण सांगितले. फुक्याची हकिगत सांगितली. खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी लगेच विचारले की मग शेळीच्या दुधाला काय हरकत? शपथ घेताना मनात गाय आणि म्हैस होती. शेळीचे नाव कुठे घेतले होते? डॉक्टरांनी तो धागा पकडला. गांधीजी नमले. सत्याग्रहाच्या लढ्याची ओढ होती, जगायचे होते.

शेळीचे दूध गांधीजींना आयुष्यभर चिकटले. ते बहुतेकांना त्यांच्या साधेपणाचे किंवा लहरीपणाचे चिन्ह वाटते. सरोजिनी नायडूंसारखी मित्रमंडळी त्यावर थट्टाही करीत. गांधीजींना स्वतःला ते टोचत राहिले. शपथेचे अक्षर राखले आणि आत्मा मोडला, हे त्यांनी आत्मकथेत साऱ्या जगापुढे लिहून ठेवले. अक्षर पाळून अर्थ चुकवता येतो हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने कळले होते. मला त्यांच्या पुढच्या सगळ्या गोसेवेच्या कामाची किल्ली इथे सापडते. ज्याला आपल्या पेल्यातली पळवाट दिसते, त्याला दुसऱ्याच्या धर्मातल्या आणि धंद्यातल्या पळवाटाही दिसू लागतात.

१९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली झाले. त्याच वेळी भरलेल्या गोरक्षा परिषदेचेही ते अध्यक्ष होते. पुढच्या वर्षी मुंबईच्या माधवबागेत अखिल भारतीय गोरक्षा सभेची स्थापना झाली. श्रोत्यांना गाईचा जयजयकार हवा होता. गांधीजींनी हिशेब मांडला. गाय कापणाऱ्याशी भांडण्याआधी गाय विकतो कोण, ते पाहा, असे ते सांगत. बैलाला पराणी टोचणारा, अर्धपोटी ठेवून नांगराला जुंपणारा, वासराच्या वाटणीचे दूध काढून घेणारा, भाकड होताच जनावर बाजारात नेणारा हा शेतकरी आणि गवळी बहुधा हिंदूच असतो. त्याला शिव्या देऊनही उपयोग नाही, कारण त्याचे गणित जमत नाही. ते जमवून देणे म्हणजे गोरक्षा. पांजरपोळ शहराबाहेर मोठ्या जागेत न्यावेत, चारा पिकवावा, चांगले वळू ठेवावेत, निकृष्टांचे खच्चीकरण करावे, दूध शास्त्रशुद्ध रीतीने काढावे आणि आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचे कातडे वाया न घालवता कमवावे. कातडे कमावणे हा गोरक्षेचा भाग आहे, हे ऐकून धार्मिक मंडळींच्या कपाळाला आठ्या पडत. गांधीजी मागे हटत नसत.

ते केवळ उपदेश करून थांबले असेही नाही. १९२७ मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी बंगळूरला असताना तिथल्या सरकारी पशुपालन व दुग्ध संस्थेत जाऊन त्यांनी दुग्धव्यवसायाचे धडे घेतले. वय सत्तावन्न. पुढच्याच वर्षी साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत पडले. उपाय हरले, कूस बदलतानाही ते कण्हू लागले. गांधीजींनी सहकाऱ्यांशी चर्चा केली आणि डॉक्टरांकडून त्याला सुई देऊन वेदनांतून सोडवले. अहमदाबादेत वादळ उठले, संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. त्यांनी गुजराती ‘नवजीवन’मध्ये सगळी हकिगत उघडपणे लिहिली. अहिंसा म्हणजे आपले हात स्वच्छ ठेवणे, की समोरच्या जिवाचे दुःख कमी करणे? त्यांनी दुसरा अर्थ धरला. दुबळ्या बाजूचा अर्थ खरा, हा लंडनमधला नियम इथे एका मुक्या वासराला लागू झाला.

मग आपले वर्धा. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याचा संसार मांडला. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल यांचे प्रयोग सुरू झाले. जवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. तिथे मेलेल्या गुरांचेच कातडे कमावले जाई आणि त्याच्या चपला बनत. कत्तलखान्यातले कातडे नको असलेल्या माणसाला आता खात्रीची वहाण मिळू लागली. शेजारच्या सेवाग्राम आश्रमात पारनेरकरांनी गोशाळा सांभाळली.

१९४१ मध्ये गोसेवा संघ सुरू झाला आणि जमनालाल बजाज यांनी त्याला स्वतःला वाहून घेतले. लाखोंची उलाढाल केलेला हा माणूस गोपुरीत झोपडी बांधून राहिला. संघाच्या सदस्याने गाईचेच दूधतूप वापरायचे आणि मेलेल्या जनावराचेच कातडे, असा नियम होता. प्रवासात, लग्नकार्यात तो पाळताना लोकांची तारांबळ उडे, कारण समोरचे तूप गाईचे आहे की म्हशीचे, की तूपच नाही, हे सांगणार कोण? ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी अचानक गेले. जानकीदेवींनी काम पुढे चालवले. त्याच वर्षी गांधीजी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात गेले. तिथे त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिले. फलन न झालेल्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, तेव्हा दूध पिणाऱ्याने त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही, असे या कट्टर शाकाहारी माणसाने त्यात मोकळेपणाने मान्य केले. त्याच पॅलेसमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, शेळीची पळवाट दाखवणाऱ्या कस्तुरबा गेल्या.

आता तुपाकडे येतो. तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मुरवला की ते थिजते, पांढरे आणि रवाळ होते. सुरुवातीला हा माल परदेशातून येई. मग मुंबईत शिवडीला कारखाना झाला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. माझ्या पिढीच्या घरांत पिवळ्या रंगाचा, ताडाचे झाड काढलेला तो डबा असेच. रिकामा झाला की त्यात तुळस लागे. आई त्याला डालडाच म्हणायची, तुपाच्या बरणीशेजारीही ठेवायची नाही. तिच्या हिशेबात दोन्हींची नावे वेगळी होती, म्हणून भांडण नव्हते. भांडण झाले ते एका दिवाळीत. गावातल्या एका हलवायाने शुद्ध तुपातली म्हणून दिलेली बालुशाही तिने तोंडात घातली, टाळूला चिकटलेला थर जिभेने चाचपला आणि पुडा तसाच परत पाठवला. हलवाई म्हणाला की वनस्पती तूप हेसुद्धा तूपच आहे आणि ते शुद्धच आहे. त्याचे प्रत्येक अक्षर खरे होते.

गांधीजींचे म्हणणे नेमके हेच होते. तेल तेल म्हणून खावे, त्यात वाईट काही नाही. पण त्याला तुपाचे रूप, तुपाचा रवा आणि तुपाचे नाव देण्याचे प्रयोजन काय? १९४६ मध्ये ‘हरिजन’मधून त्यांनी वनस्पतीविरुद्ध आवाज उठवला. यात गरीब गिऱ्हाईक फसत होते आणि शेतकरीही बुडत होता. प्रामाणिकपणे गाय पाळून तूप काढणाऱ्याला त्या भावात टिकणे अशक्य होते. खोट्या नावाने विकलेला डबा गोठ्यातल्या खऱ्या गाईच्या तोंडचा चारा काढून घेतो, हा संबंध त्यांनी ओळखला होता. दयेने वागणाऱ्याला बाजारात जगायचे असेल तर त्याच्या मालाचे नाव दुसऱ्याला चोरता येता कामा नये.

३० जानेवारी १९४८. दिल्लीत बिर्ला भवनात वल्लभभाईंशी बोलत बोलत गांधीजींनी संध्याकाळचे जेवण घेतले. त्यात शेळीचे दूध होते. त्यानंतर ते प्रार्थनेला निघाले.

त्यांच्या पश्चात वनस्पतीला रंग द्यावा म्हणजे तुपात मिसळता येणार नाही, ही मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. रंग काही आला नाही. त्याऐवजी वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. अशा वनस्पतीची भेसळ तुपात असेल तर प्रयोगशाळेत रसायन टाकताच लाल छटा दिसते. म्हणजे सत्य डब्यात आले, पण प्रयोगशाळेपुरते. गृहिणीच्या डोळ्यांना ते दिसत नव्हते. १९५४ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला, त्याची जागा पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने फुक्याला बंदी केली आणि दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारे इंजेक्शन देणेही गुन्हा ठरवले. वनस्पतीतल्या ज्या ट्रान्स मेदाचा गांधीजींच्या काळी कोणाला पत्ता नव्हता, त्यावर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली आहे.

वेष्टनावर हिरवा ठिपका छापणे बंधनकारक होऊनही आता वीस वर्षे उलटली. लंडनच्या उपाहारगृहात संकोचत अंड्याची चौकशी करणाऱ्या मुलाला तो ठिपका किती आवडला असता! पण दुधाच्या पिशवीवरचा हिरवा ठिपका गाईविषयी काही बोलत नाही. तिचे वासरू कुठे आहे, तिला सुई टोचली का, ती कधी उन्हात फिरली का, यातले काही तो सांगत नाही. तो खोटा नाही. त्याचे अक्षर खरे आहे. युरोपात २००४ पासून बाजारातल्या अंड्यावर आकडा छापतात. कोंबडी मोकळी हिंडते की पिंजऱ्यात कोंडलेली आहे, ते त्यावरून गिऱ्हाइकाला कळते. आपल्याकडे असा सक्तीचा आकडा नाही. आपल्या पाकिटांवर हिरवीगार कुरणे आणि हसऱ्या गाई मात्र भरपूर असतात.

त्या चित्राचा अर्थ कोणता धरायचा? कंपनीचा वकील म्हणेल, ते नुसते चित्र आहे. पाकीट घेणाऱ्या घरातल्या लहान मुलाला विचारले तर ते सांगेल, ही गाय इथे चरते आणि आपण तिचेच दूध पितो. गांधीजींच्या नियमाने या दोघांत मुलाचा अर्थ खरा. तो खरा ठरवायचा असेल तर विचारावे लागेल. दूधवाल्याला, दुकानदाराला, हॉटेलात पनीर मागवताना वाढप्याला. थोडा संकोच वाटतो, शेजारच्या टेबलावरचे लोक बघतात. एकोणीस वर्षांच्या एका लाजाळू विद्यार्थ्यालाही तो वाटला होता.